अर्धं तिकीट

माणसाचं वय जन्मतारखेवरून ठरतं, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. जन्मतारखेवरून फार तर वाढदिवस ठरतो. वय ठरतं ते विचारणारा कोण आहे, यावरून. आमच्या वडिलांच्या पिढीत निम्मा गाव १ जूनला जन्मलेला असायचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची वाटायची. स्थळाला सांगितलेलं वय आणि पत्रिकेतलं वय यांची पहिली भेट तर थेट बोहल्यावर व्हायची.

पण आमच्या लहानपणी वयाचा खरा परीक्षक म्हणजे रेल्वेचा टीसी. बारा वर्षांच्या आत अर्धं तिकीट. त्यामुळे आमच्या पिढीतली कित्येक मुलं सलग तीन-तीन वर्षं अकरा वर्षांचीच राहिली. गाडी सुटायच्या आधी आई बजावायची, "विचारलं तर अकरा सांग, आणि जरा वाकून बस." ओठांवर मिसरूड फुटलेले दादालोक सुद्धा टीसी दिसला की आईच्या पदराआड जाऊन गोळ्या चघळायला लागत. एकूण काय, जग आम्हाला लहान ठेवायला टपलेलं होतं आणि मोठं व्हायची आमची फार इच्छा असूनही परवडत नव्हतं.

आता उलटं झालं आहे. फोनमधल्या त्या फोटोंच्या आणि व्हिडिओंच्या दुकानांत शिरायला तेरा वर्षं पूर्ण लागतात. या तेराचीही एक कुळकथा आहे. अमेरिकेने १९९८ साली कायदा केला की तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईबापांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही. परवानग्या मागत कोण बसणार? त्यापेक्षा तेराखालच्यांनी आत येऊच नये, अशी पाटी दुकानदारांनी लावून टाकली. आता दारावर जन्मसाल तेवढं विचारतात, आणि तेही इतक्या विश्वासाने की आमचा टीसी यांच्यापुढे साक्षात फौजदार वाटावा. मग इयत्ता चौथीतली मुलगी आजच्या सालातून तेरा वजा करते. गणिताच्या पुस्तकाबाहेर स्वखुशीने केलेली तिची ही पहिली वजाबाकी.

आमच्या नातीचं नाव शुद्ध संस्कृत आहे. इतकं शुद्ध की अर्थ विचारला तर तिच्या आईबापांना मोबाइलमध्ये बघावा लागतो. आम्ही तिला ठमी म्हणतो. वय वर्षे नऊ. वाढदिवसाला काय हवं, असं मी तिला विचारलं तेव्हा सायकल, पत्त्यांचा कॅट, गोष्टीची पुस्तकं अशा सगळ्या उत्तरांची तयारी ठेवली होती. तिनं कागदावरून यादी वाचून दाखवली. क्लेन्झर, टोनर, सिरम, मॉइश्चरायझर. मला आधी वाटलं, बापाच्या मोटरसायकलचे सुटे भाग सांगतेय. पाचवी वस्तू होती वय लपवायचं क्रीम.

मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. एकूण वर्षं नऊ. त्यातली पहिली दोन पाळण्यात गेलेली. उरलेल्या सातांपैकी नेमकं कुठलं पुसून काढायचं होतं, ते मला काही ठरवता येईना.

"तुला कशाला गं हे?"

"माझी स्किन डल आहे, आजी."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

हे 'सगळे' म्हणजे ओठ पुढे काढून फोनशी बोलणाऱ्या पंधरा-सोळा पोरी, ज्यांना ठमी कधी भेटलेली नाही आणि ज्यांना ठमी या जगात आहे याचा पत्ता नाही. हे खूळ आपल्याच घरातलं असं समजून कोणी खजील होऊ नये. स्वीडनमध्ये औषधांच्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीला २०२४ साली, पंधरा वर्षांखालच्या मुलांना असली जहाल क्रीमं सरसकट विकायची नाहीत, असा नियम करावा लागला. कारण साधं आहे. सुरकुत्यांसाठी बनवलेलं औषध कोवळ्या कातडीला लावलं तर कातडी लाल होते, सोलते, चुरचुरते. म्हणजे चेहरा आधी चांगला असतो, तो क्रीम लावून बिघडतो, आणि बिघडलेल्या चेहऱ्यासाठी दुसरं क्रीम असतंच. धंदा म्हणून विचार केला तर कल्पना चोख आहे.

आता एक गंमत बघा. हीच ठमी शाळेला जाताना बुटाची नाडी बांधायला पाय पुढे करते. दूध उतू जायला लागलं की "आजी, दूध!" असं ओरडते आणि गॅसपासून दोन हातांवर शास्त्रज्ञासारखी उभी राहून ते कसं उतू जातं ते बघते. रात्री मोरीपर्यंत जायचं तर कोणीतरी सोबत लागतं. म्हणजे घाई आहे ती मोठं होण्याची नाही. मोठं दिसण्याची आहे. मोठेपणातली नाडी, दूध आणि अंधार वगळून उरलेला मोठेपण तिला हवा आहे.

आणि तिकडे दुसऱ्या टोकाला अठ्ठेचाळीसच्या बायकांनी अठ्ठावीसचं दिसायचं आहे. आठवरून सुटलेली गाडी आणि अठ्ठेचाळीसवरून उलटी सुटलेली गाडी, दोन्ही बावीस नावाच्या एकाच स्टेशनवर येऊन थांबल्या आहेत. फलाटावर गर्दी मरणाची, आणि फेरीवाल्यांची चंगळ. माल एकच, गिऱ्हाईक आजी-आई-नात. पूर्वी निदान एवढा तरी धरबंध होता की जाहिरातीतल्या मुलीचं लग्नाचं किंवा नोकरीचं वय झालेलं असायचं. गोरं करणारं ते प्रसिद्ध क्रीम १९७५ साली आपल्याकडे आलं. २०२० साली त्याच्या नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. नाव बदललं, पण तुझ्या चेहऱ्यात काहीतरी कमी आहे, ही बातमी तीच राहिली. फक्त ती आता चौथीच्या वर्गापर्यंत पोहोचली आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, मुली मोठ्या माणसांची नक्कल आजच करायला लागल्या का? भातुकली मग काय होती? प्रश्न रास्त आहे. भातुकलीत आम्ही कुरमुऱ्यांचा भात आणि गुळाच्या पाण्याची आमटी करून पंक्ती उठवलेल्या आहेत. आईचं पातळ गुंडाळून तिच्या चपला फरफटत वाड्यातून मिरवलेल्या आहेत. बाहुला-बाहुलीच्या लग्नात वरपक्षाकडून रुसून, मानपानावरून दोन्ही घरांत तीन दिवस अबोला झालेला आहे. मग ठमीनं ओठांना लाली लावली तर कुठं बिघडलं?

यावर मी बरेच दिवस विचार केला. भाजी निवडताना विचार चांगला होतो, हा माझा अनुभव आहे. मला वाटतं फरक असा आहे. भातुकलीतली मुलगी मोठी माणसं काय करतात त्याची नक्कल करायची. रांधायचं, वाढायचं, पोराला दटावायचं, दुकान मांडायचं, मास्तरीण होऊन खांबाला छड्या मारायच्या. तिला कोणी बघत असलं तर उलट खेळ बंद पडायचा. मोठं माणूस आलं की आम्ही लाजून गप्प बसायचो. आणि जेवायला हाक आली की संसार तिथंच मोडून पळायचो. ठमीच्या खेळात मात्र मोठी बाई कसं वागते याची नक्कल नाहीच. मोठ्या बाईकडे लोक कसं बघतात, याची आहे. हा खेळ बघणारा असल्याशिवाय सुरूच होत नाही. आणि तो मोडून पळताही येत नाही, कारण चेहरा जेवायला बरोबरच येतो.

बाहुल्यांचंच घ्या. आमच्याकडे लाकडाची ठकी असायची. डोक्यापासून पायापर्यंत एकाच मापाची, खुंटासारखी. तिला कंबर नव्हती, आणि ती नाही याचं दुःखही नव्हतं. बाहुली म्हणजे मूल आणि आपण तिची आई, हा सरळ हिशेब. १९५९ साली अमेरिकेत बार्बी आली आणि नातं फिरलं. आता बाहुलीच मोठी बाई, आणि खेळणारीनं तिच्यासारखं व्हायचं. ज्या जर्मन बाहुलीवरून बार्बी घेतली, ती तर मुळात मोठ्या पुरुषांच्या करमणुकीसाठी निघालेली होती. १९६५ साली या बार्बीच्या एका अवतारात चिमुकला वजनकाटा दिला होता, तो कायमचा ११० पौंडांवर थांबलेला. सोबत वजन कमी करण्याचं बोटाएवढं पुस्तक, आणि त्यातला सल्ला एकच, की खाऊ नका. आमच्या ठकीला आम्ही दिवसातून चार वेळा जेवू घालायचो. ती नको म्हणाल्याचं मला स्मरत नाही.

मग बाहुलीची जागा पडद्याने घेतली. मुंबईला दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. एका इमारतीत एक संच, त्याच्यापुढे पस्तीस माणसं, आणि मुलांसाठी 'किलबिल'. बाकीचा कार्यक्रम मोठ्यांचा असला तरी आम्ही तो बघायचो, पण एका भक्कम व्यवस्थेखाली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दिसला की काकांना खोकला यायचा. आजोबांना पाणी हवं व्हायचं. कोणीतरी मोठ्यानं "उद्या पाणी किती वाजता येणार आहे?" असं विचारायचं. नायक-नायिका जरा जवळ आले की पस्तीस माणसं एकदम छताकडे बघायची. खोकला हे त्या काळचं घरगुती सेन्सॉर बोर्ड होतं. खोकला आला म्हणजे इथं काहीतरी आपल्याला अजून न कळण्यासारखं आहे, एवढं आम्हाला कळायचं. आणि कधीतरी ते कळेल, याची वाट बघण्यात एक मजा असायची.

नील पोस्टमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८२ साली 'द डिसअपिअरन्स ऑफ चाइल्डहूड' या पुस्तकात हेच जरा विद्वान भाषेत सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तक वाचायला आधी वाचायला शिकावं लागतं. त्यामुळे मोठ्यांच्या जगात जायला पायऱ्या होत्या, आणि पायऱ्या चढायला लागणाऱ्या वर्षांचं नाव बालपण. चित्र बघायला काही शिकावं लागत नाही. टीव्ही सगळ्यांना सगळं एकदमच दाखवतो, आणि पायऱ्याच राहत नाहीत. हे त्यांनी लिहिलं तेव्हा टीव्ही निदान दिवाणखान्यात होता. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे. खोकायचं तरी कोणासाठी?

या सगळ्याचं फळ बघायचं असेल तर शाळेच्या स्नेहसंमेलनाला जावं. गेल्या हिवाळ्यात मी अशाच एका संमेलनाला गेले होते. दुसरीतल्या बारा मुलींची लावणी होती. लावणीला माझा काडीचा विरोध नाही. ती मोठ्यांची, जाणत्यांची कला आहे, तिच्यामागे आयुष्यभराची मेहनत असते, आणि म्हणूनच ती सात वर्षांच्या मुलींची नाही. बारा नऊवाऱ्या, बारा नथी, बारा आंबाडे रंगमंचावर आले. दुसऱ्याच कडव्याला एकीची नथ निसटून ओठावर लोंबायला लागली, ती तिनं जिभेनं वर ढकलायचा प्रयत्न चालवला. दुसरीला प्रेक्षकांत आई दिसली. तिनं पदर सोडून तिला हात केला, आणि आईनं परत हात करेपर्यंत नाच थांबवला. तिसरी, सगळ्या उजवीकडे वळल्या तेव्हा डावीकडे वळली आणि चौथीशी टक्कर होऊन दोघी खदखदून हसल्या. माझे तर पैसे तिथंच वसूल झाले.

पण मधोमध एक मुलगी होती. ती एकदाही चुकली नाही. पापणी कुठं पाडायची, ओठ कुठं दुमडायचा, खांदा कुठं उडवायचा, सगळं अचूक. आईकडे तिनं बघितलंच नाही. ती सगळ्यांकडे बघत होती. सभागृहात शिट्ट्या झाल्या. पाहुण्यांनी "काय एक्स्प्रेशन्स आहेत!" म्हणून तिला खास ढाल दिली. घरी येताना माझ्या डोक्यात ती ढाल राहिली. बारा मुलींपैकी अकरा सात वर्षांच्या होत्या. ढाल मिळाली ती बाराव्या मुलीला, जी सात वर्षांची राहिली नव्हती. आणि खाली बसलेल्या अकरा जणींनी ते नीट बघून ठेवलं.

शाळेतल्या बाईंना तरी दोष काय द्यायचा? त्या टीव्हीवर बघतात तेच बसवणार. लहान मुलांच्या नाचांच्या स्पर्धांत गोष्टी या थराला गेल्या की केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्याला जून २०१९ मध्ये खाजगी वाहिन्यांना सूचना काढावी लागली. मुलांना असभ्य, सूचक आणि त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या हालचाली करायला लावू नका, हा तिचा मथितार्थ. सरकारी कागद सहसा खोकत नाहीत. तो खोकला म्हणजे दुखणं बरंच वाढलेलं असणार.

हे सगळं मी एका रविवारी जेवताना मांडलं. आमचे हे आमटी ओरपत राहिले. गेल्या चाळीस वर्षांत वादाच्या वेळी त्यांना आमटी नेहमीच आवडत आलेली आहे. सूनबाई मात्र थांबली. ती नोकरी करते, विचार करून बोलते, आणि तिचं बोलणं मला सहसा उडवून लावता येत नाही. ती म्हणाली, "आई, मला क्रीमं आवडतात असं नाही. पण मग काय, मुलींना परत परकर-पोलकी नेसवून माजघरात बसवायचं? तुमच्या वेळी मुलींना मोकळेपणानं मोठं होऊ देत होते का?"

नव्हते. हे कबूल केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा आमच्या पिढीला अधिकार नाही. मी बारा-तेरा वर्षांची असताना एका आठवड्यात मोठी झाले. सोमवारी वाड्याच्या अंगणात मुलांबरोबर लगोरी खेळत होते. गुरुवारी मला सांगण्यात आलं की आता पुरे. अंगण तेच, लगोरी तीच, नेम तर पूर्वीपेक्षा बरा. पण शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या म्हणे. पाय जवळ घेऊन बस, मोठ्यानं हसू नको, ओढणी नीट घे. लोक काय म्हणतील! तोपर्यंत मला लोक आहेत हेच ठाऊक नव्हतं.

आणि मी तर नशीबवान. आणखी मागे गेलं तर आठव्या वर्षाची ती गौरी, नवव्या वर्षाची ती रोहिणी, असं म्हणत मुलींना बोहल्यावर चढवणारा आपलाच समाज. आनंदीबाई जोशी नऊ वर्षांच्या होत्या, रमाबाई रानडे अकराच्या. रखमाबाईंचंही लग्न अकराव्या वर्षी झालं. त्यांनी नांदायला जायचं नाकारलं तेव्हा १८८४ साली मुंबईच्या कोर्टात खटला उभा राहिला, आणि १८८७ साली, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद भोग, असा हुकूम झाला. बाईंनी कैद पत्करतो असं सांगितलं. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ साली संमतीवय दहाचं बारा करायला केवढा गदारोळ झाला! मुलींच्या लग्नाचं वय १९२९ साली चौदा, १९४९ साली पंधरा आणि १९७८ साली अठरा झालं. एकेक वर्ष भांडून मिळवलेलं आहे, आणि अजूनही ते प्रत्येक मुलीच्या पदरात पडलेलं नाही.

म्हणून मला जुने दिवस परत नको आहेत. सूनबाईला मी एवढंच म्हटलं, की मला त्या दारातल्या काकू आणि हे फोनमधले लोक वेगळे वाटेनात. त्या काकू म्हणायच्या, झाकून घे, लोक बघताहेत. हे म्हणतात, दाखव, लोक बघताहेत. पहिल्या शब्दावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतो. उरलेले दोन शब्द तेच आहेत, आणि माझ्या मते मुलीचं बालपण संपतं ते त्या दोन शब्दांनी. आपण कशा दिसतो याचा हिशेब ज्या वयात डोक्यात चालू नसतो, ते बालपण. तो एकदा चालू झाला की बंद करता येत नाही. मग सत्तरीतही आरशासमोरून जाताना पोट आत जातं. मी हे अनुभवाने सांगते.

आणि या हिशेबाची किंमत पडते. १९९८ साली अमेरिकेत काही संशोधकांनी कॉलेजातल्या मुलामुलींवर एक प्रयोग केला. एकेकाला बंद खोलीत, आरशासमोर, पोहण्याचा पोशाख किंवा जाड स्वेटर घालायला दिला आणि तो अंगावर असतानाच गणितं सोडवायला दिली. मुलांना कुठलाही कपडा घातला तरी फरक पडला नाही. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं मात्र स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. खोलीत बघणारं कोणी नव्हतं, बरं का. बघणारं प्रत्येकीच्या डोक्यात बसलेलं होतं, आणि गणिताची जागा त्यानं घेतली होती. चेहरा, बांधा आणि आकर्षकपणा यांनीच मुलीला मोजत राहिलं तर जेवणाखाण्याचे विकार, औदासीन्य आणि स्वतःच्या शरीराचा तिटकारा यांच्याशी त्याचं नातं दिसतं, असा अहवाल तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००७ साली दिला. आमच्या ठमीला गणित आवडतं. निदान वजाबाकी तरी.

सूनबाई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण आई, सगळ्या मैत्रिणींचं असंच चाललेलं असताना हिला एकटीला कसं अडवू? ती एकटी पडेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आमच्या ह्यांची आमटी संपली होती, तरी ते वाटीकडेच बघत होते.

कायदे होताहेत. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना या दुकानांत खाती उघडायला मनाई केली, ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली. आपल्याकडे २०२३ सालच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांवर नेम धरून जाहिराती करायला बंदी घातली आहे. हे हवंच. पण टीसी कितीही कडक नेमला तरी "अकरा सांग" असं सांगणारी त्याच्या समोर आपली आईच असायची, हे विसरून चालत नाही. चौथीतल्या मुलीला फोन कोण घेऊन देतं? तिचा नाच कुटुंबाच्या ग्रुपवर कोण टाकतं? आणि लग्नाकार्यात पोर समोर आली की आपण पहिलं वाक्य काय बोलतो? मुलगा असला की "कितवीत आहेस रे? क्रिकेट खेळतोस का?" मुलगी असली की "अगंबाई, किती गोड दिसतेस! वाळलीस का गं?" फोन तर आत्ता आला. हे आपण कधीपासून बोलतोय!

मला वाटतं, मुलीकडे लक्ष हवं, नजर नको. लक्ष म्हणजे ती जेवली का, कोणाशी भांडली, कशानं रडली, तिला काय येतं. या दोन्हींतला फरक मुलींना फार लवकर कळतो. आपल्याला उशिरा कळतो, एवढंच. ठमीच्या वाढदिवसाला सूनबाईनं आणि मी मिळून सायकल घेतली. क्रीमांची यादी तिनं जपून ठेवली आहे आणि ती पुढच्या वर्षी परत वाचली जाणार, याबद्दल मला शंका नाही. एका सायकलीनं समाज सुधारत असता तर तो कधीच सुधारला असता.

पण मे महिन्यात एका संध्याकाळी आमच्या सोसायटीतली वीज गेली ती तीन तास आली नाही. लिफ्ट बंद, वायफाय बंद, बहुतेकांचे फोन अर्धमेले. पोरं आपोआप खाली आली. कोणीतरी रंगाचा रिकामा डबा आणला आणि डबा ऐसपैस सुरू झाला. अंधारात कोण कोणाचं दिसत नव्हतं. ठमी अनवाणी धावत होती, केस सुटलेले, फ्रॉकला कसलातरी चिखल, आणि "ए, चीटिंग!" म्हणून असल्या भसाड्या आवाजात ओरडत होती, की टीव्हीवरच्या कुठल्याच मुलीला आजवर तसा आवाज काढू दिलेला नाही. तिला आपण कशा दिसतो याची शुद्ध नव्हती. आम्ही बायका कट्ट्यावर वारा घेत ते ऐकत होतो.

तेवढ्यात शेजारच्या तरुण सुनेला राहवलं नाही. "किती क्यूट!" म्हणत तिनं उरल्यासुरल्या बॅटरीवर फोन वर केला आणि प्रकाश पाडला. उजेडात सापडलेल्या ठमीचा हात नकळत केसांकडे गेला.

मी जोरात खोकले.

"काय झालं काकू? पाणी आणू?" ती बिचारी घाबरली.

"पाणी नको गं," मी म्हटलं, "तेवढा दिवा मालव."